हलक्या गाड्यांचा जमाना

एकेकाळी जपानमध्ये स्पोर्ट्स कार आणि घरची गाडी यांच्यात फारसं अंतर नव्हतं. ज्या होंडा सिव्हिकमधून एखादी शिक्षिका रोज शाळेत जायची, त्याच सिव्हिकच्या पत्र्यात १९८९ साली होंडाने १६०० सीसीचं, १६० अश्वशक्तीचं इंजिन बसवलं आणि तिला ‘एसआयआर’ नाव देऊन विकायला काढलं. दरवाजे तेच, काचा त्याच, मागे दोन पोरं आणि भाजीच्या पिशव्या मावतील एवढी जागाही तीच. टर्बो नसताना दर लिटरमागे शंभर अश्वशक्ती म्हणजे त्या काळी शर्यतीच्या इंजिनाचा हिशेब होता. कॅमशाफ्टवर दोन तऱ्हेचे उंचवटे ठेवायचे, गावात हळू चालताना व्हॉल्व्ह थोडेच उघडायचे आणि फेऱ्या पाच हजारांच्या पुढे गेल्या की तेलाच्या दाबाने एक छोटी पिन सरकून मोठा उंचवटा कामाला लागायचा, ही ती व्हीटेकची करामत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती आधी इंटेग्रात आली, मग सिव्हिकमध्ये. तो क्षण ज्याने गाडीत बसून ऐकलाय, त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. घोगरा आवाज एकदम टिपेला जातो आणि मोकळा सुटतो. काटा आठ हजारांकडे धावत असतो आणि इंजिन अजून मागत असतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून कानागावाला नोकरीसाठी गेलो, तेव्हा हे सगळं ऐन भरात होतं. कारखान्यामागच्या पार्किंगमधून सकाळी चालत जाणं हा माझा रोजचा आनंद. लेथवर काम करणाऱ्या विशीतल्या पोरांच्या गाड्या तिथे ओळीने उभ्या असत: सिव्हिक, सिल्व्हिया, स्टारलेट, एखादी जुनी एई८६, दोन-तीन युनोस रोडस्टर, आणि कोपऱ्यात कुणाची तरी इवलीशी कापुचिनो. ही श्रीमंतांची मुलं नव्हती. पगारातून हप्ते भरणारी, रविवारी स्वतः तेल बदलणारी, घासलेले टायर आपसात विकणारी पोरं होती. ज्या वयात आम्ही पुण्यात स्कूटरच्या नंबरसाठी वर्षानुवर्षं थांबायचो, त्या वयात यांच्या हातात असं इंजिन होतं, ते पाहून माझे डोळे विस्फारायचे.

आमच्या विभागातल्या एका वरिष्ठांकडे १९८४ची एई८६ ट्रुएनो होती, पांढरी-काळी. टोयोटाने त्या पिढीत बाकी कोरोला पुढच्या चाकांवर चालणाऱ्या केल्या, पण लेव्हिन आणि ट्रुएनो या दोन कूपेंना मागच्या चाकांचीच चाल ठेवली. १६०० सीसीचं ट्विन-कॅम इंजिन, १३० अश्वशक्ती, आणि वजन टनाच्या आत. एका शनिवारी त्यांनी मला हाकोनेला नेलं. तोमेइ महामार्गावर काटा शंभरच्या पुढे सरकला तसा डॅशबोर्डमधून ‘किन-कोन, किन-कोन’ असा घंटेचा मंजुळ आवाज येऊ लागला. १९८६ पर्यंत जपानी गाड्यांना ही वेगाची सूचना देणारी घंटा सक्तीची होती. साहेबांनी शांतपणे पाय थोडा उचलला, घंटा थांबली.

पुढे जुन्या तोकाइदोच्या अंगाने वर जाणारा घाट लागला. सात वळणांचा म्हणून तो भाग ओळखला जातो, आपल्या वरंध्याच्या घाटासारखी एकाच्या अंगावर एक वळणं. साहेब वेगात नव्हते, काटा पन्नास-साठच्या आसपास असेल. पण वळणाच्या तोंडाशी त्यांचा उजवा पाय जे करत होता ते मी श्वास रोखून पाहत होतो. चवडा ब्रेकवर, टाच तिरकी होऊन अॅक्सिलरेटरवर एक हलका ठोका, त्याच क्षणी डावा पाय क्लचवर आणि हात तिसऱ्यातून दुसऱ्यात. गिअर पडला, पण गाडीला जराही धक्का नाही. मग स्टिअरिंग मनगटाने वळवलं आणि गाडी मागच्या चाकांवर टेकून वळणात अशी बसली की माझ्या पाठीला डांबराचा प्रत्येक सांधा कळत होता. वर पोचेपर्यंत मागून येणाऱ्या एकाही गाडीला आम्ही अडवलं नाही, एकीलाही मागे टाकलं नाही. तरी खाली उतरलो तेव्हा माझे तळहात घामाने ओले होते. ही गाडी पुढे ‘इनिशियल डी’ या मांगामुळे जगभर गेली. त्यातला टोफू पोचवणारा पोरगा रात्रीच्या घाटात तीच चालवतो. पण मांगा सुरू झाली १९९५ साली, आणि तोवर ही गाडी जुन्या बाजारात कुणालाही परवडेल अशा भावात मिळत होती.

आपल्याकडच्या वाचकाला या जमान्याशी थेट जोडणारी गाडी म्हणजे सुझुकी आल्टो. डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली आणि १९८६ पासून ती दुसऱ्या पिढीच्या आल्टोच्या घडणीवर बनू लागली. तोच ठेंगणा बॉनेट, तीच सरळ डिकी, २०१४ पर्यंत आपण वापरली ती. याच आल्टोवर सुझुकीने फेब्रुवारी १९८७ मध्ये ‘आल्टो वर्क्स’ काढली. तीन सिलिंडर, ५४३ सीसी, म्हणजे आपल्या ८०० पेक्षाही लहान इंजिन. पण त्यावर ट्विन-कॅम आणि टर्बो बसवून ६४ अश्वशक्ती काढली. आपल्या मारुतीची ताकद चाळिसाच्या आत होती! पहिल्यांदा मी वर्क्स पाहिली तेव्हा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाच्या घरची गाडी, आणि बॉनेटवर हवा घेणारी नाकपुडी. जपानमधल्या छोट्या ‘केइ’ गाड्यांना ६४ अश्वशक्तीची मर्यादा कंपन्यांनी आपसात ठरवून पाळली, ती याच गाडीच्या आकड्यावरून, आणि आजही ती मोडलेली नाही.

केइ वर्गाचे नियम १९९० मध्ये ६६० सीसीपर्यंत सैल झाले आणि पुढच्या दोन वर्षांत तीन अशा गाड्या आल्या की तशा पुन्हा कुणी एकदम काढल्या नाहीत. होंडाची बीट, सुझुकीची कापुचिनो आणि माझदाच्या ओटोझाम नावाखाली विकली गेलेली एझेड-१. एझेड-१ ची दारं पंखांसारखी वर उघडायची. कापुचिनोचं छप्पर तुकड्यातुकड्यांनी काढून डिकीत ठेवता यायचं, इंजिन पुढे, चाल मागच्या चाकांना, वजन सातशे किलो. पण माझा जीव बीटवर. इंजिन सीटच्या मागे आडवं, टर्बो नाही, प्रत्येक सिलिंडरला आपापला थ्रॉटल. ६४ अश्वशक्ती पूर्ण मिळवायची तर ८१०० फेऱ्यांपर्यंत जावं लागायचं. सीटचं कापड झेब्र्याच्या पट्ट्यांचं, मीटर मोटरसायकलसारखे डॅशबोर्डमधून वर आलेले, आणि गिअरचा दांडा इतका आखूड की मनगट वळवलं की काम झालं. छप्पर उघडं असलं की हवा ओढण्याचा आवाज थेट मानेमागून यायचा. मे १९९१ मध्ये ती आली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोइचिरो होंडा गेले. त्यांच्या हयातीत बाजारात आलेली होंडाची ही शेवटची नवी गाडी. ज्या माणसाने १९६३ साली मोटरसायकलीच्या अनुभवावर एस५०० ही चिमुकली स्पोर्ट्स कार बनवली, त्याच्या आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला ही उभी होती. किंमत होती १३ लाख ८८ हजार येन.

आणि रोडस्टर. माझदाने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती दाखवली आणि सप्टेंबरमध्ये युनोस रोडस्टर म्हणून जपानमध्ये विकायला आणली, १७ लाख येनला. तोशिहिको हिराई यांच्या हाताखालच्या चमूने इंजिन फॅमिलिया या घरगुती गाडीतलं घेतलं, ते उभं करून मागे ढकललं, आणि गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत एक अॅल्युमिनियमची चौकट टाकली, म्हणजे अॅक्सिलरेटर दाबला की मधे काही लवणार नाही. १६०० सीसी, १२० अश्वशक्ती, ९४० किलो. आकड्यांत काहीच नाही. चालवायला बसलं की पहिल्या दोनशे मीटरमध्ये कळतं की इथे प्रत्येक गोष्ट कुणीतरी हाताने जुळवली आहे.

हे सगळं जपानमध्येच का झालं, याचं एक कारण करांत आहे. पावणेपाच मीटरपेक्षा थोडी कमी लांबी, १.७ मीटर रुंदी आणि दोन हजार सीसी, या हद्दीत बसणाऱ्या गाडीच्या नंबरप्लेटवर ‘५’चा आकडा यायचा. त्या हद्दीबाहेर गेली की ‘३’, आणि वर्षाचा कर कितीतरी जास्त. म्हणून अभियंत्यांना जे काही करायचं ते १.७ मीटरच्या आत करावं लागायचं. दुसरं कारण रस्ते. देश सगळा डोंगराचा, घाट जागोजागी, आणि महामार्गावर वेगाची हद्द तेव्हा शंभर. अशा ठिकाणी मोठं इंजिन वाया जातं. लहान, हलकी, भराभर फेऱ्या घेणारी गाडी कायद्याच्या वेगातच सगळं सुख देऊन जाते. एप्रिल १९८९ मध्ये विक्रीवरचा कर बदलला, त्याबरोबर रुंदीची ती अडचणही गेली आणि गाड्या हळूहळू अंग धरू लागल्या. ज्या वर्षी रोडस्टर आली, त्याच वर्षी तिला जन्म देणारी शिस्त सैल झाली.

आता त्याच कानागावात जातो तेव्हा पार्किंगमध्ये उंच डबे उभे असतात. एन-बॉक्स, स्पेसिया, तांतो. सरकती दारं, आत लहान पोर उभं राहू शकेल एवढी उंची, एन-बॉक्समध्ये तर पुढच्या सीटखाली पेट्रोलची टाकी सरकवून मिळवलेली मागची जागा. मला या गाड्यांबद्दल मनापासून आदर आहे. एन-बॉक्सच्या विकासाचं नेतृत्व केलं यासुआकी असाकी यांनी. हा माणूस आधी फॉर्म्युला वनची इंजिनं करणारा, आणि पुढे पुन्हा शर्यतीकडे जाऊन ज्या इंजिनाने २०२१ मध्ये मॅक्स व्हर्स्टापेनला विजेतेपद मिळवून दिलं, त्याची धुरा वाहणारा. असा कसलेला हात एका घरगुती डब्यामागे लागला होता, म्हणूनच तो डबा इतका नेटका आहे. पण तीस वर्षांपूर्वी हाच हात त्याच डब्याची एखादी आठ हजार फेऱ्यांची आवृत्तीही काढून गेला असता. आज ती कुणी मागत नाही, आणि काढायला परवडतही नाही.

खेळ आता वेगळा बांधला जातो, आणि महाग विकला जातो. १९९७ची सिव्हिक टाइप-आर, म्हणजे ईके९, १६०० सीसीतून १८५ अश्वशक्ती काढायची, वजन साधारण १०७० किलो, किंमत २० लाख येनला दोन हजार कमी. कारखान्यातलं पोरगं ती नवी घेऊ शकायचं. २०२२ची टाइप-आर ३३० अश्वशक्तीची, १४३० किलोची, रुंदी १.८९ मीटर, आणि किंमत जवळजवळ ५० लाख येन. टोयोटाची जीआर यारिस नावापुरती यारिस. तिची तीन दारांची बॉडी वेगळी, मागचा सांगाडा कोरोलाच्या घराण्यातला, छप्पर कार्बनच्या मिश्रणाचं, आणि मोतोमाची कारखान्यात तिच्यासाठी निराळी जागा, जिथे कारागीर चमूने ती जोडतात. घराबाहेर उभ्या असलेल्या साध्या यारिसशी तिचं नातं फार पातळ आहे.

मित्राच्या मेहेरबानीने जीआर यारिस घाटात चालवायला मिळाली. तीन सिलिंडरचं १६०० सीसीचं टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद. ब्रेक असे की डोळे पुढे यावेत. ओल्या रस्त्यावर, पानांचा खच पडलेल्या वळणात मी जो वेग नेला तो एई८६ मध्ये नेला असता तर दरीत गेलो असतो. गाडी म्हणून ती अफाट आहे आणि अकिओ तोयोदांनी हट्टाने ती बनवून घेतली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण एक गोष्ट लगेच जाणवली. साठच्या वेगाला ती झोपलेली असते. तिला जागं करायचं तर असा वेग लागतो जो सार्वजनिक रस्त्यावर नेऊ नये. एई८६ साठला पूर्ण जागी असायची, बीट चाळिसाला. माझ्या लेखी तेव्हाच्या आणि आताच्या गाड्यांमधला सगळ्यात मोठा फरक हाच.

वजन वाढलं त्याला सबळ कारणं आहेत, आणि ती मी नाकारत नाही. एअरबॅगा आल्या, दारांत पोलादी दांडे आले, टक्कर झाली तर माणूस वाचतो. उघडझाप करणारे पॉप-अप हेडलाइट गेले, कारण पादचाऱ्याला आपटणाऱ्या बॉनेटवर टोकदार काही नको. एझेड-१ मध्ये मी माझ्या मुलीला बसवलं नसतं. तरीही माझदाने २०१५च्या रोडस्टरमध्ये दाखवून दिलं की मन असेल तर काय होतं. सगळ्या सुरक्षेसकट तिची साधी आवृत्ती ९९० किलोची, १५०० सीसीची. सव्वीस वर्षांत फक्त पन्नास किलो! इंजिन तर मूळ गाडीपेक्षा लहान केलं. तिच्या प्लेटवर रुंदीपायी ‘३’चा आकडा आला, तेवढं एक मला खटकतं. बाकी ती पहिलीची खरी लेक आहे.

माझदाची दुसरी गोष्ट मात्र हुरहूर लावते. रोटरी इंजिन जर्मन एनएसयूकडून परवान्यावर घेतलं, तेव्हा त्रिकोणी रोटरच्या टोकांच्या पट्ट्या सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पाडायच्या. केन्इची यामामोतो आणि त्यांच्या सत्तेचाळीस तरुण अभियंत्यांनी ते कार्बन-अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांनी सोडवलं आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आणली. त्याच घराण्यातून आरएक्स-७ आली, आणि १९९१च्या जूनमध्ये ७८७बी या गाडीने ल माँची चोवीस तासांची शर्यत मारली, जपानी गाडीने पहिल्यांदाच. जपानमधला माझा तो सुरुवातीचा काळ. ही बातमी सांगताना आमच्या कारखान्यात, जिथे माझदाशी कुणाचा संबंध नव्हता, तिथेही माणसांचे आवाज चढलेले असायचे. २०१२ मध्ये आरएक्स-८ थांबली. २०२३ पासून रोटरी परत आलंय, पण एका विजेच्या गाडीत, बॅटरी भरणारं जनित्र म्हणून, चाकांशी जोडलेलं नाही. ज्या इंजिनाने ल माँच्या सरळ रस्त्यावर किंचाळत रात्र काढली, ते आता बॉनेटखाली निमूट वीज बनवतं. जिवंत तरी आहे, यात मी समाधान मानतो.

जुन्या गाड्या गेल्या कुठे? पुष्कळ भंगारात गेल्या, कारण दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ची तपासणी आणि तेरा वर्षांनंतर वाढणारा कर. आणि ज्या उरल्या त्यांतल्या चांगल्या चांगल्या अमेरिकेला गेल्या. तिथे पंचवीस वर्षं जुनी गाडी सुरक्षेच्या नियमांच्या अडथळ्याविना आणता येते. म्हणून निसानची आर३२ जीटी-आर २०१४ पासून जहाजांवर चढू लागली, आर३४ २०२४ पासून. दर वर्षी एका मॉडेलची पंचविशी भरते आणि जपानमधला तिचा भाव चढतो. योकोहामाच्या दाइकोकू पार्किंगमध्ये अजूनही शनिवारी संध्याकाळी गाड्या जमतात, पोलीस येऊन प्रवेश बंद करेपर्यंत. पण पूर्वी तिथे मालक विशी-पंचविशीतले असायचे. आता एई८६ शेजारी उभा असलेला माणूस बहुधा माझ्या वयाचा असतो, आणि फोटो काढणारी मुलं परदेशातून आलेली.

जपानमधल्या तरुणांना दोष देणं मला पटत नाही. तोक्योत गाडी उभी करायची जागा महिन्याच्या भाड्याने घ्यावी लागते, जागेचा दाखला दिल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, आणि लोकल दर तीन मिनिटांनी येते. १९९१ मध्ये फक्त ऑटोमॅटिक चालवण्याचा परवाना सुरू झाला आणि आज बहुतेक मुलं तोच घेतात. निशी-कासाईत राहणाऱ्या माझ्या मित्राच्या मुलीकडेही तोच आहे. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्या शेजारी रोडस्टरमध्ये बसली. नागमोडी रस्ता संपल्यावर बराच वेळ गिअरच्या दांड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “काका, क्लचचा परवाना वेगळा काढायला किती तास शिकावं लागतं हो?” चार तासांचं प्रशिक्षण पुरतं. तिने नाव नोंदवलंय.

कंपन्याही मागे वळून पाहू लागल्या आहेत, हे मी कृतज्ञतेने लिहितो. माझदा २०१८ पासून पहिल्या पिढीच्या रोडस्टर कारखान्यात घेऊन नव्यासारख्या करून देते. त्यासाठी कापडी छप्पर, लाकडी स्टिअरिंग पुन्हा घडवलं, आणि ब्रिजस्टोनने मूळ नक्षीचा टायर नव्याने काढला. निसान आर३२ चे सुटे भाग परत बनवते, टोयोटा एई८६ चे. पण जपलेल्या जुन्या गाड्यांवर नव्या पोरांनी किती दिवस काढायचे? होंडाने २०१५ मध्ये एस६६० काढली होती, बीटची खरी वारसदार, बावीस वर्षांच्या एका मुलाला प्रकल्पाचा प्रमुख करून. २०२१ मध्ये तिचं उत्पादन थांबवणार असं जाहीर झालं आणि थोड्याच दिवसांत उरलेल्या सगळ्या गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे गिऱ्हाईक होतं.

सुझुकीकडे आजही सातशे किलोच्या आतबाहेरची आल्टो आहे, ६६० सीसीचं टर्बो इंजिन आहे, आणि हाताने टाकायचा पाच गिअरचा खोका जिम्नीत रोज बसतोय. हे तिन्ही एकत्र करून २० लाख येनच्या आत पुन्हा एक वर्क्स काढा. मी रांगेत पहिला उभा राहीन, आणि तोवर क्लचचा परवाना हातात आलेली ती मुलगी दुसरी.